विहिरीवरचं कोकोचं झाड

कोकोचं झाड कार्मिनला कधीच आवडलं नाही. नारळाचं एक बरं, सरळ वर जातो आणि कुणाच्या वाटेत येत नाही. केळ वर्षात घड देते आणि पिलांना जागा करून मोकळी होते. कोको मात्र नारळाच्या सावलीत आळशी पाहुण्यासारखा पसरलेला, आणि फळं धरायची तीसुद्धा फांदीच्या शेंड्याला नाही, थेट खोडाला, अंगावर गळू यावं तशी. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुणी साहेब मंडळी जीपमधून आली, सावलीतली जागा रिकामी कशाला ठेवता, कोको लावा, चॉकलेटवाले दारात येऊन नेतील असं सांगून गेली, आणि होळी गावाच्या आसपासच्या वाड्यांत जो तो कोको लावत सुटला. चॉकलेटवाले काही वर्षं आले. मग त्यांची गाडी फिरकेनाशी झाली आणि त्याच सुमाराला पावसाळ्यात फळांना काळी कूज धरायला लागली. लोकांनी झाडं तोडून न्हाणीच्या चुलीत घातली. शेजारच्या बॅप्टिस्टने तर झाडांपाठोपाठ वाडीही देऊन टाकली. तिथे आता चार मजली इमारत उभी होती, आणि तिच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली की पाणी इकडच्या केळींत पडायचं.

कार्मिनच्या नवऱ्याने, सेबॅस्टियनने, झाडं ठेवली. विचारलं तर म्हणायचा, हाताने लावलेलं झाड तोडवत नाही. कार्मिनच्या मते त्याला तोडायचा कंटाळा होता, दुसरं काही नाही.

त्यातलं एक झाड विहिरीला लागून होतं, नेमकं कपडे धुवायच्या दगडावर ओणवं झालेलं. पावसात त्याचं फळ कुजलं की त्यातून तपकिरी पाणी ठिबकायचं आणि दगडावर पिळून ठेवलेल्या कपड्यांवर पडायचं. तो डाग जात नाही. मुलगा ज्युलियस शाळेत होता तेव्हा त्याचा रविवारी देवळात मिस्साला घालायचा पांढरा शर्ट असाच वाया गेला होता. तेव्हापासून कार्मिनने एक सवय लावून घेतली. सकाळी सेबॅस्टियन केळीची पानं आणि अळूच्या जुड्या सायकलला लावून बाजारात गेला की ती विहिरीवर यायची, झाडाभोवती एक फेरी मारायची आणि ज्या फळावर करड्या रंगाचा ठिपका दिसेल ते देठासकट पिरगळून केळीच्या खुंटांच्या खड्ड्यात टाकायची. वर चुलीतली राख. मग धुणं. ही गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नाही, कारण अंगण झाडलं हे कुणी सांगत बसत नाही.

त्या वर्षीच्या जुलैत विनया आली. दक्षिणेकडच्या कुठल्याशा बागायती संशोधन केंद्राची बाई, तिशीतली, विरारला भाड्याच्या खोलीत राहायची आणि किनाऱ्यावरच्या वाड्यांत उरलेला कोको शोधत फिरायची. खांद्याला बर्फाची पेटी, पायांत गुडघ्यापर्यंत चिखल. सेबॅस्टियनने तिला सगळी वाडी हिंडवली. आतल्या झाडांवर काळी फळं लोंबत होती, काहींवर पांढरी बुरशी चढली होती. ती मान हलवत चालली होती. विहिरीपाशी आली आणि थबकली.

"काका, ह्याला कूज नाही?"

"ह्याला नाय लागत," सेबॅस्टियन म्हणाला. "कवाच नाय. फळ कमी धरतो, पन धरतो ते बगा कसा."

"औषध मारता?"

"औषध कोन मारतो, बाय. ह्या झाडाला आजवर कोनी हात नाय लावला."

कार्मिन ओट्यावर चहाचे कप घेऊन उभी होती. तिच्या तोंडाशी शब्द आला होता. पण विनयाने लगेच पुढचं बोलायला सुरुवात केली आणि सेबॅस्टियनचा चेहरा असा काही उजळला की कार्मिन कप हातात धरून नुसती बघत राहिली. बॅप्टिस्टची वाडी गेल्यापासून त्या माणसाच्या तोंडावर तिने असं काही पाहिलं नव्हतं.

विनया म्हणत होती की काही झाडांच्या रक्तातच कूज अडवायची ताकद असते. अशा झाडाचा संकर भरपूर फळणाऱ्या झाडाशी करायचा. पण रोपांत ती ताकद उतरली की नाही हे कळायला पूर्वी झाड मोठं होऊन फळ येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबावं लागे. आता पानातच एक खूण शोधता येते.

"खून म्हंजे कसली? पानावर दिसते?"

"डोळ्यांना नाही दिसत, प्रयोगशाळेत दिसते." विनया जरा विचारात पडली. "पाचूबंदरला तुम्ही बोट लांबून ओळखता ना, झेंड्यावरून? आत मासळी कसली ते दिसत नाही, पण बोट कुणाची ते कळतं, आणि तो कुठली मासळी आणतो ते तुम्हाला ठाऊक असतं. तसंच. झेंडा सापडला की रोप ठेवायचं, नाही सापडला की उपटायचं."

"मंग आमच्या झाडाचा झेंडा बगा," सेबॅस्टियन म्हणाला आणि स्वतःच हसला.

तिने विहिरीवरच्या झाडाची कोवळी पानं घेतली, आतल्या झाडांचीही घेतली, पिशव्यांत घालून बर्फात ठेवली. जाताना म्हणाली, पानांचा निकाल यायला पावसाळा सरत येईल. तोवर ह्या झाडाला कुणीही हात लावू नका. मी अधूनमधून येऊन फळं बघून जाईन. झाड खरं निघालं तर केंद्र ही वाडी रोपं बनवायला दहा वर्षांच्या कराराने घेईल.

संध्याकाळी ज्युलियस अंधेरीच्या ऑफिसातून आला तेव्हा सेबॅस्टियनने त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. सगळं सांगितलं. ज्युलियस वाईट मुलगा नव्हता. बिल्डरचा माणूस तीनदा येऊन गेला होता, विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात जास्त खारट होत होतं, आईचा गुडघा सुजलेला असायचा, बापाला सायकल मारताना धाप लागायची. हे सगळं तो बघत होता आणि त्यालाच ते बघवत नव्हतं.

"पपा, एका झाडावर काय वाडी चालणार?"

"एका झाडाची हजार होतात. ती बाय सांगून गेली."

"आणि नाही झाली तर?"

सेबॅस्टियनने दाराबाहेर पावसाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाऊस संपू दे. पाऊस संपेपर्यंत थांब. मंग तुज्या मनासारका कर. बिल्डरच्या कागदावर मी सही देतो."

"नक्की?"

"नक्की."

कार्मिन भाकऱ्या थापत होती. तिचा हात परातीत थांबला. आजवर सेबॅस्टियनने सहीचा शब्द तोंडातून काढला नव्हता. आता त्याने तो काढला होता आणि तो त्या झाडाच्या भरवशावर काढला होता.

दुसऱ्या दिवशी सेबॅस्टियनने विहिरीवरच्या झाडाला बांबूचं कुंपण घातलं, खालून बाभळीच्या काट्या लावल्या. धुवायचा दगड कुंपणाच्या आत गेला.

"मी धुना कुठं धुवू?"

"मागच्या पायरीवर धू थोडे दिवस."

"पानी कोन नेनार मागं?"

"थोडे दिवस गं," तो म्हणाला आणि काटी ठोकत राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात हे थोडे दिवस कार्मिनने पुष्कळ पाहिले होते. तिने बादल्या उचलल्या. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली, आणि दोन फेऱ्यांत पायांच्या बोटांमधल्या चिखल्या पाण्याने चरचरायला लागल्या.

चार दिवस ती झाडाकडे गेली नाही. गेली नाही म्हणजे तिने मन घट्ट केलं. मनात म्हणाली, असेल खरंच झाडात ताकद. मी आपली उगीच तोडत आले. कपड्यांना डाग पडतो म्हणून तोडत होते, झाडाला वाचवायला थोडीच. पाचव्या सकाळी पाऊस जरा थांबला होता. तिने कुंपणाबाहेरून वाकून पाहिलं. खालच्या एका फळाच्या देठाशी नखाएवढा ठिपका होता. दुसऱ्या दिवशी तो रुपयाएवढा झाला. तिसऱ्या दिवशी अर्धं फळ काळं पडलं आणि शेजारच्या फळाला ठिपका आला.

कार्मिन तिथे उभी राहिली. तिला रडू आलं नाही, राग आला. झाडाचा आला, नवऱ्याचा आला, त्या पोरीचा आला. इतकी वर्षं हाताने केलेलं काम झाडाच्या नावावर गेलं होतं, आणि आता ते झाडाचंच आहे असं दाखवायलाही तिनेच राबायचं होतं. तिने पदर खोचला, काट्यांतून हात घातला आणि दोन्ही फळं पिरगळली.

त्यानंतर ते रोजचं झालं. पण आता पूर्वीसारखं नव्हतं. पूर्वी ती गुणगुणत तोडायची. आता आधी सायकल रस्त्याला लागल्याचं बघायची, मग इमारतीच्या खिडक्यांकडे बघायची, मग हात घालायची. आपल्याच वाडीत चोरट्यासारखी. फळं खड्ड्यात खोल पुरायची, वर राख, वर केळीचं सोपट. रविवारी देवळात गुडघे टेकले की हे पाप म्हणायचं की काय म्हणायचं हे तिला कळायचं नाही. फादरना सांगावं तर काय सांगणार, कुजकी फळं तोडते म्हणून?

एकदा जेवताना सेबॅस्टियनने तिचा हात धरून उजेडाकडे वळवला. कोपरापर्यंत ओरखडे होते.

"ह्या काय?"

"लिंबं काढली."

त्याने उठून खोबरेल आणलं आणि बोटाने ओरखड्यांवर लावलं. त्याला असं काही करायची सवय नव्हती, त्यामुळे तेल निम्मं जमिनीवर सांडलं. "लिंबाचा काटा वायट," तो म्हणाला. कार्मिनने सांडलेलं तेल फडक्याने पुसून घेतलं.

ऑगस्टच्या मध्यावर विनया येऊन गेली. झाड स्वच्छ होतं. तिने फळं पाहिली, खोडावरून बोट फिरवलं. एका ठिकाणी ताज्या तुटलेल्या देठाचा खुंट दिसला.

"इथलं फळ कुठे गेलं?"

"खार," सेबॅस्टियन म्हणाला. "खारी लई झाल्यात. बिल्डिंगीवाल्यांनी चिंच तोडली ना, सगळ्या हिकडं आल्या."

विनयाने मान डोलावली. कार्मिन खाली बघून अळूची देठं सोलत राहिली. नवरा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच खार वाटत होती. खारीवर आळ घालायचं तेवढं राहिलं होतं, तेही झालं.

पानांचा निकाल आला तो सप्टेंबरात, देवळातल्या मावलीच्या सणाच्या आधल्या आठवड्यात. पाऊस ओसरत चालला होता, दुपारी ऊन पडून वाडीतून वाफ निघायची. विनया ओट्यावर बसली. ती दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. कार्मिनने पुढे केलेला चहा तिने दोन्ही हातांत धरला पण प्यायली नाही.

"काका, खूण सापडली नाही."

सेबॅस्टियनने लुंगीच्या काठाने तोंड पुसलं. मग हळूच विचारलं, "नीट बगितली?"

"तीनदा तपासली. ज्या खुणा आम्हाला माहीत आहेत त्यातली एकही ह्या झाडात नाही. आतल्या झाडांतही नाही."

"मंग संपला म्हना."

"नाही, ऐका." विनयाने कप खाली ठेवला. "खूण नाही आणि झाड मात्र भर पावसात स्वच्छ. म्हणजे ह्याच्यात असं काही आहे जे अजून कुणालाच सापडलेलं नाही. मी वरिष्ठांशी बोलले. आता ह्याच्या फांदीवरचे डोळे दुसऱ्या रोपांवर बांधून कलमं करायची, संकर करायचा, नवी खूण शोधायची. चार-पाच वर्षं तरी जातील. वाडीचा करार होईल."

सेबॅस्टियनने कार्मिनकडे पाहिलं. म्हातारा एकदम ताठ बसला होता.

"म्हंजे तुमी हितंच राहनार?"

"राहावं लागेल. बदली आली होती साताऱ्याची, ती मी थांबवायला सांगितलीय." विनया हसली, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "मुलगी माझ्या आईकडे आहे तिथे, तीन वर्षांची. परवा फोनवर मला मावशी म्हणाली. असू दे. असं झाड पुन्हा मिळत नाही."

कार्मिन दारात उभी होती. कार्मिनला खूण, संकर, वरिष्ठ यातलं काही कळत नव्हतं. पण आईला मावशी म्हणणारं पोर तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. वाडीसाठी स्वतः राबणं वेगळं होतं. त्यासाठी दुसऱ्या बाईची वर्षं खड्ड्यात घालणं तिला जमेना.

"बाय," ती म्हणाली, "बदली घे तू."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्या झाडाला रोग लागतो. सगळ्यांसारकाच लागतो. मी रोज तोडते."

"काय तोडतेस?" सेबॅस्टियनने विचारलं.

"ठिपका आलेली फळं. सकाळी. तुमी बाजारात गेलात की."

"कदीपासून?"

"ज्युलियसचा शर्ट खराब झाला तवापासून." आणि मग, ज्याचं कारण कुणी विचारलं नव्हतं त्याचं कारणही ती सांगून बसली, "कापडांना डाग पडतो म्हनून."

विनया उठली. "दाखवा मावशी," एवढंच म्हणाली. कार्मिनने तिला खड्ड्यापाशी नेलं, काठीने सोपट आणि राख बाजूला केली. खाली पावसाळाभराची फळं होती, काही कोळशासारखी, काही अजून निम्मी हिरवी. विनया उकिडवी बसून बघत राहिली. ती चिडेल असं कार्मिनला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी विचारलं तेव्हाच..." विनया म्हणाली आणि थांबली. "नाही. मी काकांनाच विचारलं होतं."

सेबॅस्टियन मागे येऊन उभा होता. "म्हंजे झाडात काय नाय?"

"झाडात काही नाही, काका."

तिने पेटी खांद्याला लावली. फाटकापाशी गेल्यावर वळून तिने हात जोडले आणि डबक्यांतून वाट काढत रस्त्याला लागली.

सेबॅस्टियन घरात गेला. आत कोयता काढल्याचा आवाज आला. तोडू दे, कार्मिनने मनाशी म्हटलं, तोडलं तर सुटेन मी. तो बाहेर आला तो थेट विहिरीकडे गेला आणि कुंपणाचे बांबू एकेक करून सोडवायला लागला. काट्या ओढून बाजूला टाकल्या. धुवायचा दगड मोकळा झाला. मग तो झाडाकडे न बघता आत नारळींच्या सावलीत गेला, जिथे इतकी वर्षं कुणी फळं काढायला फिरकलं नव्हतं तिथल्या पहिल्या झाडापाशी थांबला आणि कोयत्याने काळी फळं उतरवायला लागला.

कार्मिन त्याच्या मागे गेली. तो घाईने, रागाने तोडत होता. त्यात एक चांगलं हिरवं फळही पडलं.

"तो चांगला होता," ती म्हणाली.

त्याने कोयता खाली केला. त्याला धाप लागली होती. "मला नाय कळत," तो म्हणाला. "कुठला तोडायचा ते दाखव."

"देठापाशी बगा. आदी तिथं येतो."

त्याने फळाजवळ तोंड नेलं, डोळे बारीक केले. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ठिपका दिसेना. कार्मिनने त्याचं बोट धरलं आणि ठिपक्यावर नेऊन टेकवलं. तिथली साल किंचित मऊ पडलेली होती. त्याने बोट तिथेच ठेवलं.

"रोज बगायचीस?"

"रोज."

"मी सगळ्यांना सांगत फिरलो. ह्या झाडाला कोनी हात नाय लावला म्हनून."

त्याच्या आवाजात लाज होती, आणि त्या लाजेचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कार्मिनलाही कळेना. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलं काम पाहिलं म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिने मान वर केली आणि नारळींच्या सावलीत लांबपर्यंत उभी असलेली झाडं दिसली, प्रत्येकाच्या खोडावर काळी फळं, आणि तिला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. तिने पदर खोचला आणि देठ पिरगळला.

ज्युलियस घरी आला तेव्हा दोघं तिथेच होती. आईबापांच्या अंगावरच्या कपड्यांवर तपकिरी पाण्याचे डाग पडले होते, जाणार नाहीत असे. खड्डा काठोकाठ भरला होता आणि बाजूला आणखी एक ढीग होता. विनयाने त्याला फोन करून सगळं सांगितलं होतं. बिल्डरचे कागद त्याच्या बॅगेत होते. तो चिखल टाळत केळींच्या ओळीपाशी येऊन उभा राहिला.

"पपा," तो म्हणाला, "आता काय करायचं?"

सेबॅस्टियनने फळाच्या देठाशी बोट फिरवलं, नीट चाचपलं आणि फळ तसंच सोडून दिलं. ते चांगलं होतं.

"पाऊस अजून संपला नाय," तो म्हणाला. "ती टोपली हिकडं दे."